प्रभुभोजनाच्या वेळी साउंड सिस्टीमपाशी थांबणाऱ्या बंधूस

(वाचकाच्या विनंतीवरून नाव आणि गाव गाळले असून पत्र संक्षिप्त केले आहे.)

आदरणीय ताई, प्रभूच्या नावाने सलाम. माझे वय छत्तीस. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास पणजोबांपासून चालत आलेला आहे. नोकरीनिमित्त मी नगर जिल्ह्यातून पिंपरी-चिंचवडला आलो. येथील मंडळीत मी शब्बाथ शाळेत मुलांना शिकवतो आणि उपासनेच्या वेळी साउंड सिस्टीम सांभाळतो. गेल्या वर्षी माझे वडील कर्करोगाने गेले. आम्ही उपवास केले, साखळी प्रार्थना केल्या. शेवटच्या दिवसांत एक पाहुणे उपदेशक घरी आले आणि "या घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे" असे सांगून गेले. तेव्हापासून प्रार्थनेला बसलो की समोर कोणीच नाही असे वाटते. त्याच काळात रात्री मोबाईलवर अश्लील चित्रफिती पाहण्याची सवय लागली. प्रत्येक वेळी गुडघ्यांवर येऊन शपथ घेतो, आणि आठवडा उलटण्यापूर्वी ती मोडते. स्वतःची किळस येते, झोप लागत नाही, कामात लक्ष लागत नाही, चिडचिड होते, पत्नीवर ओरडतो. कित्येक महिने मी प्रभुभोजन घेतलेले नाही. त्या वेळी काहीतरी काम काढून मिक्सरपाशीच उभा राहतो. माझा संशय ही माझ्या पापाची शिक्षा आहे, की पाप हे संशयाचे फळ आहे? संशय धरणाऱ्याला प्रभूपासून काही मिळणार नाही असे बायबलमधील पत्रात याकोब म्हणतो, मग मी प्रार्थना तरी का करावी? आणि मुलांना शिकवण्याचा मला काही अधिकार उरला आहे का?

प्रिय बंधू,

सलाम. तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे मी येणार आहे. परंतु ज्या वाक्यापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळले ते तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलेलेच नाही, आणि माझ्या मते उत्तराची सुरुवात तेथूनच व्हायला हवी. मंडळी वेदीपुढे गुडघे टेकते, पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन एकेकापुढून सरकत जातात, आणि त्या भाकरीची ज्याला सर्वांत अधिक गरज आहे तो मनुष्य मागच्या भिंतीपाशी, व्यवस्थित चाललेल्या मिक्सरची वायर पुन्हा एकदा काढून लावीत उभा असतो. आपण अपात्र आहोत, आणि अपात्रतेने भाकर खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, असे लहानपणापासून ऐकल्यामुळे तुम्ही मागे राहता, हे मी समजू शकते. आपल्या मंडळ्यांतून असे मागे राहणारे पुष्कळ आहेत, आणि खेदाची गोष्ट ही की त्यांत बेफिकीर माणसे क्वचितच आढळतात. बहुतेक जण तुमच्यासारखेच, पापाचा धसका घेतलेले असतात.

अपात्रतेने भाकर खाण्याविषयीचा तो इशारा प्रेषित पौलाने कोणाला दिला ते करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात सावकाश वाचून पाहा. त्या काळी प्रभुभोजन हे खऱ्याखुऱ्या जेवणाबरोबर होत असे. करिंथातील सुखवस्तू विश्वासणारे आपापले अन्न घेऊन आधी येत, पोटभर जेवत, काही तर पिऊन झिंगत, आणि ज्यांच्या घरी खायला नाही असे गरीब भाऊबहिणी त्याच सभेत उपाशी राहत. पौलाचा संताप आहे तो या पंगतीवर, एकाच प्रभूच्या मेजापाशी भावाला भुकेला ठेवून त्याला लाजवणाऱ्यांवर. कोणी कोणाच्या पंगतीला बसावे यावरून आपल्या पणजोबांच्या पिढीने काय काय सोसले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तरी हा अध्याय कोणाच्या विरुद्ध लिहिला आहे हे वेगळे सांगावे लागू नये. शिवाय त्याच ठिकाणी पौल म्हणतो की मनुष्याने आत्मपरीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी व त्या प्याल्यातून प्यावे. परीक्षा करावी आणि घरी जावे, किंवा परीक्षेत उत्तीर्ण होईपर्यंत भिंतीपाशी थांबावे, असे त्याने कोठेही लिहिलेले नाही. आपल्या उपासनेच्या क्रमातही प्रभुभोजनापूर्वी पापकबुलीची प्रार्थना ठेवलेली आहे, ती काही शोभेसाठी नाही. पुढे येणारा प्रत्येक जण पापीच असणार हे गृहीत धरून तो क्रम बांधलेला आहे. ज्याला आपले पाप सोडायचेच नाही आणि जो त्या मेजाला केवळ रीत समजतो त्याला पौलाचा इशारा आजही लागू आहे. आपल्या पापाने ज्याची झोप उडाली आहे त्याला मात्र तो दारातून हाकलण्यासाठी वापरता येणार नाही. म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे: पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मिक्सर सांभाळायला तरुण संघातील कोणाला तरी शनिवारीच सांगून ठेवा, आणि स्वतः पुढे जा.

आता तुमच्या वडिलांच्या संदर्भात. तुमच्या घरी येऊन गेलेल्या उपदेशकांचे वाक्य मला क्रूर वाटते, आणि क्रूरपणा बाजूला ठेवला तरी ते शास्त्राला धरून नाही. पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन इफिसात रोगी बरे होत असत असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. त्याच इफिसाचा रहिवासी त्रफिम हा पौलाचा सहकारी होता, आणि त्याच्याविषयी पौल आपला तरुण सोबती तीमथ्य याला लिहितो की तो आजारी असल्यामुळे त्याला मी मिलेतात ठेवून आलो. मिलेत इफिसापासून फार दूर नाही. ज्याच्या रुमालाने परके लोक बरे झाले त्याला आपल्या सोबत्याला आजारी अवस्थेत मागे ठेवून पुढे जावे लागले, आणि कोणाचा विश्वास कमी पडला याची चौकशी त्याने केल्याचे दिसत नाही. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर तो थोडा द्राक्षारस घेण्यास सांगतो. स्वतःच्या शरीरातील काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, आणि काटा राहिला. मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे उत्तर. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही. तेथे विश्वास कमी पडला असे म्हणण्याचे धाडस ते उपदेशकही करणार नाहीत. मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या उशाशी बसून असे बोलणारे लोक आपल्याकडे अलीकडे फार झाले आहेत, आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांनी त्यांना वेळीच रोखायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे.

हे एवढ्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की तुमचा संशय कोणत्या जातीचा आहे हे तुमच्या पत्रावरून मला दिसते आहे. देव आहे की नाही, पुनरुत्थान झाले की नाही, असे प्रश्न तुम्ही विचारलेले नाहीत. तुम्ही हाक मारली आणि ज्याला हाक मारली त्याने तुमच्या वडिलांना नेले, हे तुमचे दुःख आहे, आणि त्यावर देवाच्या अस्तित्वाचे पुरावे वाचून उतार पडणार नाही. अशा वेळी करायची गोष्ट म्हणजे विलाप, आणि विलाप कसा करावा हे आपण विसरत चाललो आहोत, कारण आपल्या साक्षींच्या सभांत शेवट गोड झालेल्या गोष्टीच तेवढ्या सांगितल्या जातात. स्तोत्रसंहितेत मात्र विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत. त्यांतील बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. तेरावे स्तोत्र "कोठवर" अशा आक्रोशाने सुरू होऊन सहाच वचनांत गाण्यापर्यंत पोहोचते. अठ्ठ्याऐंशीवे तसे वळत नाही. ते काळोखात सुरू होते, देवानेच आपल्याला खोल गर्तेत टाकले असे म्हणते, आणि काळोखातच संपते. तरीही ते कोणी वगळले नाही. शतकानुशतके उपासनेत म्हटले गेले. दिवसभराच्या कामानंतर, घरात कोणी ऐकत नसताना, ते स्तोत्र मोठ्याने वाचा, आणि शेवटी आपल्या पदरचे आशेचे वाक्य जोडू नका. समोर कोणी नाही असे वाटत असताना त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून केलेली तक्रार हीदेखील प्रार्थनाच असते, कारण तक्रारीला तरी कोणी ऐकणारा लागतो.

मग याकोबाचे काय? ते वचन मी पुसट करू इच्छीत नाही. पण त्याच्या आधीचे वचन तुम्ही पत्रात घेतलेले नाही: ज्याला ज्ञान उणे असेल त्याने देवाजवळ मागावे, कारण तो कोणाला दोष न लावता सर्वांना उदारपणे देतो. याकोब ज्याला झोडपतो तो देवाजवळ मागतानाच दुसरीकडेही सोय लावून ठेवणारा, जगाशी मैत्री आणि देवाशीही मैत्री अशा दोन दगडांवर पाय ठेवणारा मनुष्य आहे. चौथ्या अध्यायात तो हेच अधिक कडक शब्दांत सांगतो. त्याच्या शेजारी मार्काच्या नवव्या अध्यायातील बापाला उभे करून पाहा. मुलाला लहानपणापासून झटके येत होते, शिष्यांकडून काही झाले नव्हते, आणि येशूपुढे आल्यावरही त्याच्या तोंडून निघते ते "आपणाला काही करता येत असेल तर" असे अर्धवट वाक्य. त्यावर येशू त्याला टोकतो, तेव्हा तो ओरडून म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एका श्वासात दोन्ही. येशूने त्याला आधी अविश्वास निस्तरून परत यायला सांगितले नाही, आणि मुलगा बरा झाला. यहूदाच्या छोट्याशा पत्रात तर, जे संशयात पडले आहेत त्यांच्यावर दया करा, अशी सरळ आज्ञाच आहे. ती पाळण्याचे काम मंडळीचे आहे, आणि मंडळीने ते करावे म्हणून तिला निदान कळू तरी द्यायला हवे.

शिकवण्याच्या प्रश्नाचे उत्तर येशूचा शिष्य थोमा याच्या कथेतून मिळते, म्हणून तिच्याकडे वळते. थोमाला आपण संशयी म्हणून वर्गात उभे करतो, पण बेथानीला जाणे म्हणजे मरणाला जाणे आहे हे दिसत असताना, आपणही येशूबरोबर मरायला जाऊ या, असे म्हणणारा हाच होता हे क्वचितच सांगतो. योहानाच्या विसाव्या अध्यायात मला नेहमी थांबवणारी गोष्ट म्हणजे मधले आठ दिवस. बाकीचे दहा जण पुनरुत्थानानंतर "आम्ही प्रभूला पाहिले आहे" असे म्हणत आहेत, याला ते म्हणता येत नाही, आणि तरीही आठवड्यानंतर दारे बंद असताना तो त्यांच्यातच बसलेला आहे. तो निघून गेला नाही, आणि त्यांनीही त्याला बाहेर काढले नाही. प्रभू आला तो त्या सभेत. थोमाला एकट्याला गाठून त्याने दर्शन दिले नाही. मत्तयाच्या अखेरीस तर याहून आश्चर्याची गोष्ट आहे. गालीलातील डोंगरावर अकरा शिष्यांनी पुनरुत्थित प्रभूला पाहून नमन केले, पण काहींना संशय वाटला, असे मत्तय सरळ लिहून टाकतो. आणि लगेच पुढे "सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा" ही आज्ञा येते. संशय वाटलेल्यांना बाजूला काढून उरलेल्यांना ती दिली, असे तेथे नाही.

त्यामुळे संशयामुळे तुम्ही वर्ग सोडू नये असे मला वाटते. मात्र मुलांपुढे नसलेली खात्री दाखवू नका. कथा जशी आहे तशी सांगा. थोमाच्या धड्यात ते आठ दिवसही सांगा, आणि एखाद्या मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला तर "याचे उत्तर मीही शोधतो आहे" असे म्हणायला कचरू नका. मुलांना ते चालते. पालकांना कधी कधी चालत नाही, तो वेगळा विषय. रात्रीच्या सवयीची गोष्ट वेगळी आहे. त्यापायी काही काळ वर्गापासून दूर राहावे की नाही हे तुम्ही एकट्याने ठरवू नये आणि दुरून मीही ठरवू नये. ते पाळकसाहेबांना सर्व सांगून त्यांच्यावर सोपवा, आणि त्यांनी काही महिने थांबायला सांगितले तर ते हकालपट्टी समजू नका.

संशयासह काम करीत राहिलेल्या माणसाचे उदाहरण आपल्याच मराठी मंडळीत आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला, आणि त्यानंतरच त्यांच्या प्रश्नांना खरा ऊत आला. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार अशा विषयांवर त्यांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घातला, गर्विष्ठपणाचा ठपकाही सोसला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती संस्कृतात असावीत, इथपर्यंत त्या हटून बसल्या. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले तेव्हाही हा शोध संपलेला नव्हता. कित्येक वर्षांनी साक्ष लिहिताना त्यांनी प्रांजळपणे नोंदवले आहे की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सापडला. त्यांनी पुढे उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचे कौतुक करताना आपण ही मधली वर्षे गाळून टाकतो. रमाबाईंचा एक गुण तुम्ही उचलावा असा आहे: त्यांनी आपले प्रश्न कागदावर मांडले आणि ते एका ठरावीक माणसाला पाठवले. मनातल्या मनात फिरणारा प्रश्न रोज रात्री नव्या रूपात येतो; लिहिलेला प्रश्न निदान जागचा हलत नाही, आणि त्यावर दुसऱ्याला काही बोलता येते.

आता पापाविषयी. शपथ घेणे आजपासून बंद करा. हा सल्ला विचित्र वाटेल, म्हणून कारण देते. शुभवर्तमानांत सर्वांत मोठी शपथ येशूपुढे घेतली ती त्याचा शिष्य पेत्र याने: सर्व अडखळले तरी मी अडखळणार नाही, तुमच्याबरोबर मरावे लागले तरी नाकारणार नाही. कोंबडा आरवण्याच्या आत ती तीनदा मोडली, तीही मुख्य याजकाच्या वाड्यात कोळशांच्या विस्तवापाशी शेकत असताना. पुढे तिबिर्याच्या समुद्राकाठी पुन्हा कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे, आणि प्रभू म्हणतो, "या, न्याहारी करा." जेवण झाल्यावर तो पेत्राला तीनदा विचारतो ते "माझ्यावर प्रीती करतोस काय" एवढेच. पुन्हा असे करणार नाहीस ना, हा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि पेत्रानेही या वेळी शपथ घेतली नाही. शपथेत सारी भिस्त आपल्या निर्धारावर असते, आणि तो मोडला की पापाबरोबर अपमानही पदरी पडतो. मग त्या अपमानाचा सल विसरण्यासाठी माणूस पुन्हा त्याच पडद्याकडे वळतो. तुमच्या पत्रातले चक्र हेच आहे.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याचाही अनुभव असाच होता. एर्फुर्टच्या मठात तो तासन्‌तास पापकबुली करी, आणि बाहेर पडल्यावर राहिलेले एखादे पाप आठवले की परत जाई. त्याचा वरिष्ठ श्टाउपिट्स याने त्याला स्वतःच्या पापांची मोजदाद थांबवून ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगितले, आणि आपल्या आयुष्याला कलाटणी देणाऱ्यांत ल्यूथरने त्याचे नाव पुढे कृतज्ञतेने घेतले. जे चांगले करावेसे वाटते ते मी करीत नाही, हा रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातील पौलाचा कबुलीजबाब विश्वास ठेवण्यापूर्वीचा की नंतरचा, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. प्राचीन मंडळीचा थोर शिक्षक ऑगस्टीन याने स्वतःच तरुणपणीचे मत पुढे बदलले आणि हा झगडा विश्वासणाऱ्याचाही आहे असे मान्य केले. मी ऑगस्टीनच्या उत्तरवयातील मताची आहे. पण त्याचा उपयोग सबबीसारखा होऊ नये, म्हणून सातव्याबरोबर, पापात राहू नका असे सांगणारा सहावा अध्यायही वाचावा.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला एव्हाग्रिअस नावाचा एक तपस्वी होता. त्याचा मृत्यू ३९९ मध्ये झाला. मनाला छळणाऱ्या विचारांचे त्याने आठ प्रकार सांगितले, आणि एक भेद केला तो मला फार मोलाचा वाटतो: विचार आपल्याला त्रास देतील की नाही हे आपल्या हाती नाही, त्यांनी मनात मुक्काम करावा की नाही हे मात्र आहे. मोह होणे आणि मोहाला संमती देणे या दोन गोष्टी तुम्ही पत्रात एकच करून टाकल्या आहेत, आणि त्यामुळे नुसता विचार आला तरी आपण हरलोच असे समजून पुढचे दार स्वतःच उघडता. त्याच एव्हाग्रिअसने आळसावलेल्या, कोरड्या मनाचे जे वर्णन केले आहे ते तर आजच्या कोणत्याही कार्यालयात लागू पडेल. सकाळी दहाच्या सुमारास हा दुरात्मा भिक्षूवर चाल करून येतो, दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो, भिक्षू सारखा खिडकीबाहेर डोकावून सूर्य कोठवर आला ते पाहतो, आणि बंधूंमध्ये आता प्रीती उरली नाही असे त्याच्या मनात भरते. यावर त्याने सांगितलेला मुख्य उपाय म्हणजे आपली खोली सोडून न जाणे. तुमच्या बाबतीत मी त्याचा अर्थ असा घेईन की प्रार्थनेची वेळ थोडी ठेवा, पण मोडू नका. सकाळी एक स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना, एवढे पुरे. काही जाणवले की नाही याची नोंद ठेवू नका.

मोबाईल रात्री शेजघरात नेऊ नका. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधे घड्याळ विकत घ्या. हा उपाय फार व्यावहारिक वाटला तरी हरकत नाही. योसेफ त्याला मोहात पाडू पाहणाऱ्या पोटीफराच्या बायकोपुढे प्रार्थनेला बसला नाही, वस्त्र तिच्या हाती टाकून पळून गेला.

आणि आता जे मला तुम्हाला थोडे कठोरपणे सांगायचे आहे. तुमच्या पत्रात चित्रफितींची शरम, मोडलेल्या शपथा, स्वतःची किळस यांवर वाक्यामागून वाक्ये आहेत, आणि "पत्नीवर ओरडतो" हे दोन शब्द चिडचिडीच्या यादीच्या शेवटी आले आहेत. मी हा क्रम उलटा लावीन. ज्या पापामुळे आपली स्वतःच्या मनातील प्रतिमा मलिन होते ते आपल्याला मोठे वाटते, आणि ज्याचा मार दुसरा खातो ते किरकोळ वाटते. वडिलांचे दुःख तुमच्या एकट्याचे नव्हते. त्यांच्या आजारपणात घर तुमच्या पत्नीनेही ओढले असेल, आणि त्यानंतरचे तुमचे ओरडणे त्या ऐकून घेत आहेत. याबद्दल क्षमा मागण्यासाठी कोणत्याही आत्मिक तयारीची गरज नाही. ती आजच मागा, आणि मागताना स्वतःच्या ताणतणावाची कारणे सांगत बसू नका.

संशय ही पापाची शिक्षा आहे का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी, पाप कोणाचे, असा हिशेब मांडला होता, आणि येशूने तो हिशेब फेटाळला. तुमच्या बाबतीत घटनांचा क्रम तुमच्याच पत्रात स्पष्ट आहे: आधी मृत्यू, मग ते उपदेशकांचे वाक्य, मग रिकामी प्रार्थना, आणि मग ती सवय. तरीही दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात हे खरे, आणि त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे लपवणे. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडे झिजली. पापाने झिजली असे तो म्हणत नाही, गप्प राहिल्याने.

म्हणून कोणाला तरी सांगायला हवे, आणि कोणाला सांगायचे हे नीट पारखायला हवे. पेत्र आणि येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत एकाच रात्री पडले. यहूदाने पश्चात्ताप केला, तीस रुपये परत नेले, निर्दोष जिवाला धरून दिल्याची कबुलीही दिली. पण ती दिली मुख्य याजकांपुढे, आणि ते म्हणाले, त्याचे आम्हाला काय? त्यानंतर तो एकटाच निघून गेला. असे ऐकणारे आजही आहेत, आणि ऐकून दुसऱ्या दिवशी प्रार्थना सभेत नाव न घेता उदाहरण देणारेही आहेत. तुमचे पाळकसाहेब गोष्ट पोटात ठेवणारे असतील तर त्यांच्याकडे वेळ मागून जा. बोलताना शब्द सुचणार नाहीत, तेव्हा मला लिहिलेले पत्रच त्यांना वाचायला द्या. ते तसे नसतील तर मंडळीतील एखादा वडीलधारा, विवाहित, फारसा न बोलणारा पुरुष शोधा, आणि दर आठवड्याला दहा मिनिटे त्याच्याशी खरे बोला. झोप न लागणे आणि कामात लक्ष न लागणे हे वर्षभराच्या शोकानंतरही चालू असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. शासनाची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. मानसोपचार घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. तीमथ्यालाही प्रार्थनेबरोबर पोटाचे औषध सांगितलेच होते.

पत्नीला त्या सवयीविषयी सांगावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण पाळकांशी बोलताना तो प्रश्न निघेल. सांगावे असेच मला वाटते, फक्त आपले ओझे उतरवून झोपी जाण्यासाठी रात्री अकरा वाजता नव्हे. आधी पाळकांशी किंवा त्या वडीलधाऱ्या गृहस्थांशी बोलून, मोबाईल शेजघराबाहेर गेल्यानंतर, आणि त्यांना राग यायला, रडायला, काही दिवस न बोलायला पूर्ण मुभा देऊन सांगा. लगेच क्षमा करा असा आग्रह वचनांचा आधार घेऊन धरू नका. त्यांना स्वतंत्रपणे कोणाशी बोलायचे असेल तर या सदराचा पत्ता त्यांनाही द्या. त्यांचे पत्र आले तर ते छापले जाणार नाही आणि तुम्हाला दाखवलेही जाणार नाही.

ख्रिस्तात तुमची,
ताई